दुसरं पाणी

कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याने त्या दिवशी सकाळी कॉफी जाळली, आणि ते धाकट्याला सोडून बाकी सगळ्यांच्या लक्षात आलं. शेजारी उभ्या असलेल्या टपालवाल्याने पहिला घोट घेतला आणि तसाच गटारात थुंकला. "काय हे! कडूजहर नुसतं!" मागे उभ्या बाईंनी ओठांपर्यंत नेलेला कप वास घेऊन परत फळीवर ठेवला. कॉफीवाला ओशाळला, भांड्यात नाक खुपसून म्हणाला, "आचेवर राहून गेली वाटतं. थांबा, नवी टाकतो, हिचे पैसे नकोत." आणि मग त्याची नजर धाकट्याच्या कपाकडे गेली. कप रिकामा होता. "साहेब, तुम्ही प्यायलात? अख्खी?" धाकटा म्हणाला, "हो. बरी होती की." टपालवाला खो खो हसला. "अहो, त्यांना काय होतंय! त्यांचा धंदाच कडू." धाकटाही हसला, हसायला पाहिजे तितकं हसला, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर आल्यावर एकदम थबकला. कॉफी जळलेली होती हे त्याला कळलंच नव्हतं. ती गरम होती एवढंच कळलं होतं.

दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर त्याने सर्दीवर खापर फोडलं असतं आणि तो कामाला लागला असता. धाकट्याला ती सोय नव्हती. पन्नाशी उलटली, केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी घरात आणि कारखान्यात तो धाकटाच होता, कारण एके काळी तिथे एक थोरलाही होता. क्विनीनचा कारखाना आजोबांनी काढला, बाबांनी वाढवला. आता गिऱ्हाइकं, कामगार आणि सरकारदरबार चुलतभाऊ सांभाळत होता, तपासणी लॅबमधल्या बाई सांभाळत होत्या, आणि धाकटा जीभ सांभाळत होता. हा विनोद नव्हे. आजोबांची पद्धत अशी होती: तयार झालेल्या पांढऱ्या भुकटीतली चिमूट भांडंभर पाण्यात विरघळवायची, ते पहिलं पाणी. त्यातलं वाटीभर बादलीभर पाण्यात ओतायचं, ते दुसरं पाणी. पहिलं पाणी कुणालाही कडू लागतं, त्याला अक्कल लागत नाही. दुसरं पाणी जिभेच्या मुळाशी थांबवून ठेवायचं आणि वाट बघायची. तिथे कडूपणा हळूच उठला तर माल खरा. पुढे यंत्रं आली, तपासणीचे कागद आले, कायद्याने कागदच काय तो खरा ठरला, तरी घरच्या माणसाने दुसरं पाणी चाखून "कडू" म्हटल्याशिवाय एकाही डब्याला सील लागत नसे. आज दुपारी नवी बॅच चाखायची होती. चुलतभावाने ट्रकसुद्धा बोलावून ठेवला होता. आणि धाकटा फुटपाथवर उभा राहून दातांच्या मागे जीभ फिरवत होता, खिशातलं पाकीट जागेवर आहे की नाही हे माणूस गर्दीत चाचपून बघतो तसा.

आधी त्याने कोटाची बाही चाटली. लाज वाटली, पण चाटली. कारखान्यातल्या माणसाच्या बाहीवर भुकटी असतेच, कितीही झटकली तरी असते. लहानपणी अभ्यास करताना तो आणि थोरला बाही चोखत बसायचे आणि आई पाठीत धपाटा घालायची. बाहीला कापडाची चव होती. मग तो औषधांच्या दुकानात शिरला, डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि काउंटरपाशीच एक कडाकडा चावली. दुकानदार म्हणाला, "अहो, चावायची नसते ती. कडू असते." "माहीत आहे," धाकटा म्हणाला, आणि तोंडात खडूचा चिखल घेऊन उभा राहिला. दुकानदाराचंच तोंड त्याच्याकडे बघून वाकडं झालं. मग त्याने पेपरमिंट घेतलं. ते गोड लागलं, गारही लागलं. वरच्या ओठावरचा घाम खारट लागला. म्हणजे सगळे पाहुणे हजर होते, आणि घरचा माणूस तेवढा नव्हता. त्याला वाटलं, घरी फोन करावा. बायकोला सांगावं की मला कडू लागत नाही. ती म्हणाली असती, बरं झालं, सुटलास. तिला ते खरंच बरं वाटलं असतं, आणि म्हणूनच त्याने फोन केला नाही.

तो कारखान्याकडे चालत निघाला, पण सरळ रस्त्याने नाही. सरळ रस्ता फार लवकर पोचवतो. लहानपणी ते कारखान्याच्या माडीवर राहत. खाली सिंकोनाची, म्हणजे क्विनीनच्या झाडाची, साल दळली जायची, चुन्यात कालवून तेलात उकळली जायची, आणि जिन्याच्या फटींतून बारीक धूळ वर यायची. उशा कडू होत्या. दाराच्या कड्या कडू होत्या. आई बोटांनी डोळ्यांतलं कुसळ काढायची तेव्हा अश्रू ओठांपर्यंत कडू होऊन यायचे. शाळेत त्याच्या डब्यातलं कुणी खात नसे, आणि इतरांच्या डब्यातलं खाल्लं की त्याला ते अर्धवट वाटायचं, काहीतरी घालायचं राहून गेल्यासारखं. आजोबा या धंद्यात पडले ते हौसेने नव्हे. त्यांचं पहिलं मूल तापाने गेलं. ताप उतरवायला त्यांनी बाजारातून क्विनीन आणलं होतं, महागाचं, सीलबंद, छापील चिठ्ठीसकट. रात्रंदिवस चमच्याने पाजलं, आणि मूल ते मुकाट्याने गिळत राहिलं. मुकाट्याने, म्हणून घरच्यांना शहाणं वाटलं. मूल गेल्यावर आजोबांनी उरलेली पुडी स्वतःच्या तोंडात रिकामी केली. पीठ होतं. पिठीसाखर मिसळलेलं पीठ. त्यानंतर आजोबांनी जन्मभर कुणाच्या शब्दावर, कुणाच्या शिक्क्यावर, कुणाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला नाही. विश्वास ठेवला तो जिभेवर. पुढे लढाई आली, तेव्हा फाटकाशी ट्रकांची रांग लागली. मग नवी औषधं निघाली, रांग ओसरली, अर्ध्या भट्ट्या विझल्या. आता बराचसा माल शीतपेयांच्या कारखान्यांत जातो आणि हाच कडूपणा लोक बर्फ टाकून चवीने पितात. थोडा अजून इस्पितळांत जातो, हट्टी तापांसाठी. बाबा शीतपेयांचं नाव काढू देत नाहीत. त्यांच्या लेखी प्रत्येक डबा कुणा मुलाच्या उशाशी जायचा असतो.

म्हणून त्या घरात 'गोड' हा शब्द जपून वापरत. फसलेल्या मालाला गोड म्हणत. खोटारडा माणूस गोड, बुडवणारा व्यापारी गोड, पावसाचं नुसतंच ढोंग करणारं आभाळसुद्धा गोड. "कसा आहे रे नवा कारकून?" "गोड आहे." की झालं, दुसऱ्या दिवशी कारकून घरी. लग्नाआधी धाकट्याची बायको पहिल्यांदा जेवायला आली, तेव्हा बाबांनी तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली, तिच्या वडिलांची विचारपूस केली, आणि ती बिचारी मनापासून म्हणाली, "किती गोड आहेत तुमचे बाबा!" सगळ्यांचे चमचे थांबले. आईने पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. बाबा घास तोंडात धरून तिच्याकडे बघत राहिले, आणि शेवटी काका एवढ्या मोठ्याने हसले की त्यांना ठसका लागला. तिला समजावून सांगितलं तेव्हा ती लाजली, पण नंतर जिन्यात म्हणाली, "आणि खरंच कुणी गोड असेल तर तुम्ही काय म्हणता त्याला?" त्यांच्याकडे त्याला शब्दच नव्हता.

आणि थोरला. थोरल्याचा विचार नको म्हणून तर तो लांबच्या रस्त्याने आला होता, पण लांबच्या रस्त्यावर विचारांना वेळच वेळ असतो. बाबांनी दोघा भावांना अंगणात उभं केलं होतं. दोन पेले होते. एकात दुसरं पाणी, एकात नळाचं. थोरला हुशार, थोरला चपळ, सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की गादी त्याची. त्याने नळाचं पाणी चाखलं आणि बाबांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "कडू." बाबा म्हणाले, "पुन्हा बघ." तो पुन्हा म्हणाला, "कडू," या वेळी जास्त मोठ्याने. धाकट्याने त्याच पेल्यातलं घेतलं आणि म्हणाला, "हे पाणी आहे." त्याला काही जिंकायचं नव्हतं, ते पाणीच होतं. बाबांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "याची जीभ घाबरट आहे. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलते." त्यानंतर थोरला कारखान्यात होता तो असून नसल्यासारखा, आणि कळता झाल्यावर दुसऱ्या शहरात निघून गेला. तिथे तो पडद्यांचं कापड विकतो. मध्येच कधी फोन करतो, हसतो. "मी पडदे विकतो, तू तोंड वाकडं करतोस. चाललंय दोघांचं." धाकट्याला ते ऐकून हसू येतं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ चैन पडत नाही.

कारखान्यात शिरताना त्याने नेहमीसारखी फाटकाची कडी उचलली, नेहमीसारखं रखवालदाराला "काय, ठीक?" विचारलं, आणि पाय आपोआप लॅबकडे वळले. बाई काचेची नळी उजेडात धरून बघत होत्या. उन्हात क्विनीनच्या पाण्याला निळसर झाक येते. लहानपणी त्याला ती फार आवडायची. "झाली तपासणी?" त्याने विचारलं. "झाली. उत्तम आहे बॅच, या वर्षातली सगळ्यात चांगली," बाई म्हणाल्या. तो निघाला, दारात थांबला. "बाई, माणसाला कडू लागेनासं होतं का हो?" "होतं की. वयाने होतं, औषधांनी होतं. रोज तेच तेच चाखूनही होतं. जीभ दमते." त्यांनी नळी खाली ठेवली. "का? कुणाला झालंय?" "ओळखीतल्या एकाला." "डॉक्टरकडे जा म्हणावं त्यांना." "सांगतो," धाकटा म्हणाला. जीभ दमते, हे त्यांनी किती सहज सांगितलं. पाय दमतात, डोळे दमतात, तशी जीभ दमते. पण दमलेल्या पायांच्या माणसाला बसायला खुर्ची देतात. दमलेली जीभ असलेल्या माणसाने काय करायचं? त्याला हिशेब येत नव्हता, रसायनशास्त्र येत नव्हतं, कामगारांना झापायलाही धड येत नव्हतं. जिभेवर त्याची खुर्ची होती, त्याच्या घराचं भाडं होतं, बाबांची माया होती, आणि थोरल्याची जागाही होती. जीभ गेली तर तो या आवारातला एक वयस्कर गृहस्थ होता, बस्स.

दुपारी पॅकिंगच्या खोलीत सगळे जमले. डबे ओळीने उभे, झाकणं नुसती टेकवलेली. सीलवाला पक्कड घेऊन तयार. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. एरवी ते घराबाहेर पडत नाहीत, पण चाखायच्या दिवशी दोन माणसांच्या आधाराने येतात आणि कडक इस्त्रीच्या कपड्यांत येतात. चुलतभाऊ दारात उभा राहून घड्याळ बघत होता, बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवत होता. "चल रे, आटप," चुलतभाऊ म्हणाला, "तो माणूस थांबायचा नाही." दुसरं पाणी तयार झालं. धाकट्याने चमचा बुडवला, पाणी तोंडात घेतलं, मागे नेलं, थांबवलं. सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याचा एक ठरलेला चेहरा होता: डावा डोळा मिटायचा, गाल आत जायचा, मग मान हलायची, आणि मान हलली की सीलवाला पक्कड उचलायचा. त्याने वाट पाहिली. पाणी गार होतं. बादलीच्या पत्र्याचा जरासा वास होता. आणखी काही नव्हतं, आणि तरीही डावा डोळा आपणहून मिटायला लागला, गाल आत जायला लागला, आणि त्याला स्वतःची भयंकर भीती वाटली. कारण चेहऱ्याला जिभेची गरजच नव्हती. त्याने डोळा जोर करून उघडा ठेवला, पाणी गिळलं आणि म्हणाला, "मला कडू लागत नाहीये."

आता आभाळ कोसळणार, असं त्याला वाटलं होतं. पण त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळे बादलीकडे बघायला लागले. सीलवाल्याने पक्कड खाली ठेवली. बाबा खुर्चीत ताठ झाले. "गोड?" ते म्हणाले. "गोड निघालाय?" "काहीतरीच काय," चुलतभाऊ पुढे आला, "बाईंचा कागद बघा, उत्तम आहे म्हणून—" "कागद कुणी विचारलाय?" बाबांचा आवाज कितीतरी वर्षांत इतका खणखणीत लागला नव्हता. "ऐकलंत ना तो काय म्हणाला? झाकणं काढा. सगळा माल परत कढईत. ॲसिड तापवायला घ्या." आणि माणसं हललीसुद्धा, त्या कारखान्यात या वाक्यावर हलायचं असतं, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. धाकट्याने सांगितलं होतं आपल्याबद्दल, आणि ऐकू गेलं होतं मालाबद्दल. कडू किंवा गोड, दोनच शब्द, दोन्ही मालाचे. जीभ चुकली असं म्हणायची तिथे सोयच नव्हती. बाबांनी हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघितलंत?" ते सगळ्यांना म्हणाले, "यंत्राला नाही कळलं ते याला कळलं. आजोबा असते आज, तर—" आणि त्यांनी पकड आणखी घट्ट केली. असं त्यांनी धाकट्याचं मनगट आयुष्यात कधी धरलं नव्हतं. गप्प बसलं की झालं, त्याच्या मनात आलं. काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. माल पुन्हा कढईत जाईल, पुन्हा भुकटी होईल, बिघडणार काहीच नाही. आणि यंत्रापेक्षा खरी जीभ म्हणून नाव राहील ते जन्मभर. हे मनगट असंच धरलेलं राहील. मग त्याला बाई दिसल्या. त्या हातातला कागद छातीशी धरून भिंतीला टेकल्या होत्या, चेहरा उतरला होता, आणि त्या त्याच्याकडेच बघत होत्या. सकाळचा प्रश्न त्यांना आठवला होता. पण त्याच्याऐवजी त्या बोलणार नव्हत्या. पहिला डबा कढईच्या काठाशी नेऊन दोघांनी तिरका केला.

"थांबा!" धाकटा ओरडला. "माल गोड नाही. मी गोड झालोय."

कुणीतरी हसलं, गंमत वाटून. मग हसणारा ओशाळला. बाबांचा हात मनगटावर तसाच होता, फक्त त्यातला जोर गेला होता. "म्हणजे?" "मला कडू लागतच नाही, बाबा. काहीच कडू लागत नाही. गोळी चावून बघितली, ती पण नाही." बाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. रागावतील, असं त्याला वाटलं. रागवावं, असंही वाटलं. पण त्यांनी हळू विचारलं, "कधीपासून?" आणि ते धाकट्याला माहीत नव्हतं. तो मागे मागे जात राहिला. मागची बॅच: भिंतीवरचा उजेड आठवत होता, सीलवाल्याचा खोकला आठवत होता, आपला मिटलेला डोळा आठवत होता. त्या आधीची, त्याही आधीची. खोली आठवत होती, माणसं आठवत होती, "कडू" म्हणालो तो आवाज आठवत होता. कडूपणा तेवढा कुठेच सापडत नव्हता. आई गेली त्या दिवशी त्याने तिच्या उशीवर तोंड ठेवलं होतं, तेव्हा उशी कडू होती. ती नक्की कडू होती. त्याच्या अलीकडचं शपथेवर सांगता येईल असं काहीच नव्हतं. "माहीत नाही," तो म्हणाला. "बाबा, खरंच माहीत नाही."

बाबांनी मनगट सोडलं. मग त्यांनी मान वळवली. "बाई, तुमचा कागद वाचा." त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं ते खिडकी लावून घ्या म्हणावं इतक्या साधेपणाने. बाई वाचू लागल्या. बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते, जरी त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. वाचून झाल्यावर म्हणाले, "लावा सील." एवढंच. ज्याच्यापायी थोरला घराबाहेर गेला, ज्याच्यापायी धाकट्याने स्वतः जन्मभर ना दारूला हात लावला, ना तिखट धड खाल्लं, ते सगळं एका कागदाच्या वाचनात मिटलं होतं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. इतकं सोपं होतं तर मग इतकी वर्षं कशासाठी, असं त्याला बाबांना विचारायचं होतं. पण बाबांची दोन माणसं त्यांना उठवत होती, आणि उठताना त्यांचं सगळं लक्ष पायांकडे होतं.

सीलवाल्याची पक्कड खाटखाट वाजायला लागली. चुलतभाऊ ट्रकवाल्याला हात करत बाहेर पळाला. बंद झालेले डबे ढकलगाडीवर चढायला लागले आणि ढकलगाडी दाराकडे निघाली. धाकटा खोलीच्या मधोमध, बादलीपाशी, चमचा हातात धरून उभा होता. ही त्याची जागा होती. इतकी वर्षं गाडीवाले तिला वळसा घालून जायचे, आणि तो उभा असेपर्यंत कुणी आवाजही चढवत नसे. गाडी त्याच्यापाशी येऊन थांबली. गाडीवाला अदबीने म्हणाला, "मालक, जरा बाजूला होता का?" धाकटा चटकन डावीकडे सरकला. तिकडून दुसरी गाडी येत होती. "इकडे नको, मालक," दुसरा गाडीवाला म्हणाला, "तिकडे, भिंतीकडे." धाकटा भिंतीकडे गेला.